पाच मिनिटांतला दुसरा आकडा

५ जानेवारी २०२६, सोमवार

मला डायरीची सवय नाही. पण कंबरेची चकती सरकल्यापासून सवयींचं सगळंच उलटंपालटं झालंय. सोळा वर्षं वॉर्डात उभी राहून काढली, आता चौथ्या मजल्यावर, औषधांच्या स्टोअरशेजारच्या खोलीत खुर्चीवर बसते. दारावर पाटी आहे, 'क्वालिटी'. आत मी, एक कॉम्प्युटर आणि न उघडणारी खिडकी. वॉर्डातल्या पोरी म्हणतात, पंचशीलादीदींची मजा आहे. असेल बाई.

आज नरेंद्रसरांनी बोलावलं. आमच्या हॉस्पिटलचे सुपरिंटेंडेंट. माणूस वाईट नाही, फक्त कायम घाईत असतो. ३ फेब्रुवारीला तपासणीची टीम येणार आहे, सर्टिफिकेटचा प्रश्न आहे, आणि त्यांना यंदा एक नवा आकडा हवाय. डायबिटीसचं औषध चालू असलेल्या किती पेशंटांची शुगर आपल्या इथे असताना जिवावर बेतेल इतकी खाली गेली? चाळीसच्या खाली म्हणजे गंभीर घटना. ती मोजायची. डिसेंबरच्या नऊ निघाल्या. सर म्हणाले, "नऊ बहुत होतात, सिस्टर. या महिन्यात दोन-तीनवर आणून टाका."

नियमात एक सवलत आहे. चाळीसच्या खालचा आकडा आल्यावर पाच मिनिटांच्या आत पुन्हा तपासलं आणि ऐंशीच्या वर आलं, तर पहिला आकडा चुकीचा धरतात. घटना रद्द.

माझे बाबा महूला पलटणीत होते. त्यांच्याकडे रोज गिनती व्हायची, आणि एक माणूस कमी भरला की सगळे उन्हात उभे. मोजण्यात हयगय केलेली आमच्या घरात कोणाला खपायची नाही. हे काम मी चोख करून दाखवीन.

८ जानेवारी, गुरुवार

नऊच्या नऊ फायली वाचल्या आणि गोम सापडली. पोरी शुगर खाली गेली की काहीतरी गोड देतात आणि मग पंधरा मिनिटं थांबून पुन्हा बोट टोचून शुगर बघतात. आम्हाला शिकवलंय तसंच. पण तोवर सवलतीची पाच मिनिटं उलटून जातात, आणि मशीननं दाखवलेला खोटा आकडाही आमच्या माथी बसतो. नऊमधल्या निदान चार तरी अशा असणार.

तासाभरात सर्क्युलर लिहिलं. चाळीसच्या खाली आकडा आला की पाच मिनिटांच्या आत दुसरी चाचणी, सबबी चालणार नाहीत. एक फॉर्मही छापून घेतला. पहिला आकडा, वेळ, दुसरा आकडा, वेळ, आणि शेवटी चौकोन: 'पहिला आकडा मशीनची चूक'. टिक केली की काम संपलं.

वॉर्डात सगळ्यांना उभं करून समजावत होते. श्रेयानं हात वर केला. तेवीस वर्षांची आहे, देवासची, मनापासून काम करते पण प्रश्न फार. "दीदी, एक पूछना था. आधी साखर देऊ का आधी परत टोचू?"

तेवढ्यात माझा फोन वाजला. मी म्हटलं, "दोन्ही कर. हात दोन आहेत नी तुला?" सगळ्या हसल्या. तीही हसली.

१२ जानेवारी, सोमवार

चार दिवसांत तीन घटना, तीनही रद्द! दुसरा आकडा एकदा ११८, एकदा १४०, एकदा तर थेट १९६. म्हणजे आमची मशीनं किती खोटं बोलत होती बघा. कंपनीला मशीनं बदलून द्या म्हणून खरमरीत पत्र पाठवलं. नरेंद्रसरांनी खोलीत येऊन शाबासकी दिली आणि चक्क पोहे मागवले. सर कोणासाठी पोहे मागवतात हे मी सोळा वर्षांत पाहिलेलं नाही.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. बारा नंबरच्या बेडवर मल्हारगंजच्या आनंदीबाई आल्यात. वय चौऱ्याहत्तर, पायाला जखम, इन्सुलिन चालू. निवृत्त गणिताच्या बाई. मी फाईल बघत उभी होते तर माझ्या हातातला महिन्याच्या घटनांचा कागद ओढून घेतला. "ही सरासरी कोणी काढली? ज्या दिवशी काही झालं नाही तो दिवस धरलाच नाहीस. शून्यही मोजायचं असतं, पंचशीला." नाव छातीवरच्या बिल्ल्यावरून वाचलं असणार. शेहेचाळिसाव्या वर्षी मला कोणीतरी कान धरून शिकवलं, आणि खरं सांगायचं तर बरं वाटलं.

बेडवर बसून त्यांचं हळदीकुंकू चालू आहे. इंदूरभर पसरलेल्या विद्यार्थिनी येताहेत आणि जी ती हातावर काटेरी हलवा ठेवतेय. डाव्या हाताला सलाईन, म्हणून सगळं उजव्या हातावर. नियमाप्रमाणे मी रागावले. म्हणाल्या, "मी एक दाणा तोंडात टाकते, बाकीचे मुठीत धरून बसते. बाई गेली की लखूच्या हवाली. आलेल्या बाईला नाही कसं म्हणायचं?" लखू म्हणजे त्यांचा मुलगा लक्ष्मीकांत. पन्नाशीचा, एकटा, ऑफिसातून रजा घेऊन आईजवळ बसलेला. मलाही हलवा दिला त्यांनी. आमच्या घरी संक्रांत नसते, पण हातावर पडलेलं मी टाकत नाही.

१७ जानेवारी, शनिवार

आनंदीबाईंची शुगर सकाळी अकराला ३७. श्रेयानं चार मिनिटांत पुन्हा टोचलं, १२६. रद्द. मी मुद्दाम बघायला गेले. घाम आलेला, ओठ पांढरे. लक्ष्मीकांत म्हणाला, "मी लगेच आईच्या हातावर हलवा दिला, सिस्टरजी. वेळ नाही लावली." असे नातेवाईक सगळ्यांना मिळोत.

आनंदीबाई म्हणाल्या, "मला अजून बरं वाटत नाही गं."

"मशीनची चूक होती, बाई. दुसरा आकडा चांगला आलाय. दुसरा खरा."

"दोन आकड्यांतला आपल्याला आवडतो तो खरा, हे कुठलं गणित?"

मी हसले. जेवणाचं ताट आलं, त्यांनी वरणभात खाल्ला आणि अर्ध्या तासात टवटवीत झाल्या. म्हातारी माणसं घाबरतात, त्याचाच घाम असतो पुष्कळदा.

२० जानेवारी, मंगळवार

जानेवारीचा आकडा अजून शून्य. शून्य! संघदीप म्हणाला, "तुझ्या चेहऱ्यावर बढती मिळाल्यासारखं तेज आहे." नवऱ्याला इतकं दिसलं म्हणजे खूपच असणार.

२४ जानेवारी, शनिवार

मी नेहमी एक दिवस उशिरा पोचते. कामच तसं आहे. कालची यादी आज सकाळी नऊला माझ्या कॉम्प्युटरवर येते. रद्द झालेली ओळ आपोआप हिरवी होते. आज दोन ओळी होत्या, दोन्ही हिरव्या. मी बरं म्हटलं आणि चहा आणायला गेले. परत येऊन बेडचा नंबर वाचला. दोन्ही ओळींत बारा.

काल दुपारी १२.१० ला ३४. १२.१४ ला १५१. श्रेयानं ड्युटीच्या डॉक्टरांना फोन केला होता. ते म्हणाले, दुसरी रीडिंग ठीक आहे तर पहिली विसर, जेवणाआधीचा डोस दे. तिनं चौकोनात टिक केली आणि इन्सुलिन दिलं. ताट आलं. आनंदीबाईंनी दोन घास खाल्ले आणि पडून राहिल्या. लक्ष्मीकांतला वाटलं, झोपल्या. दीड वाजता त्या उठेनात.

१.३५ ला १८. शिरेतून ग्लुकोज दिलं, १.३९ ला पुन्हा तपासलं, २१२. पाच मिनिटांच्या आत, ऐंशीच्या वर. म्हणून तीही ओळ हिरवी. बाई बेशुद्ध, आयसीयूत, आणि माझ्या यादीत काहीच घडलेलं नाही.

काल दीड वाजता मी खाली मीटिंगमध्ये होते. जानेवारीचा आलेख दाखवत होते.

आयसीयूत जाऊन आले. श्वास चालू आहे, डोळे अर्धे उघडे, कोणाकडेही बघत नाहीत. मी हाक मारली. मी काहीच करू शकत नाही.

एक कळत नाही. १५१ असलेल्या बाईची शुगर सव्वा तासात १८ वर कशी जाते? दिलेला डोस छोटा होता.

२५ जानेवारी, रविवार

आजच लिहायला हवं.

आज रथसप्तमी. सकाळी शेजारच्या वसुधावहिनी हलव्याचा डबा घेऊन आल्या. दोन दाणे खाल्ले, बाकी मूठभर हातात धरून त्यांच्याशी दारात बोलत राहिले. त्या गेल्यावर बोटं चिकट लागली म्हणून पदराला पुसायला गेले आणि तिथेच उभी राहिले.

घरात संघदीपचं शुगर तपासायचं मशीन आहे. स्पिरिटच्या कापसानं बोट पुसलं, वॉर्डात पुसतो तसंच. टोचलं. १८९. मला डायबिटीस नाही. साबण लावून नळाखाली हात धुतला, त्याच हाताचं दुसरं बोट टोचलं. ९७. पुन्हा हलवा धरला, पुन्हा स्पिरिटनं पुसलं. २०४. धुतलं. ९५. स्पिरिटनं जंतू जातात, साखर जात नाही. ती पाण्यानंच जाते. मशीनला काय कळणार साखर रक्तातली आहे की कातडीवरची!

संघदीप म्हणाला, "बोटांची चाळणी करतेस का?" मी रडायला लागले तर घाबरून गेला बिचारा.

मशीनं खोटी नव्हती. पहिला आकडा खरा होता. दुसरा खोटा. आधी हातावर गोड, मग त्याच हाताला सुई, आणि पाच मिनिटांच्या आत हे सगळं उरकायचं, कारण तसं सर्क्युलर होतं. पंधरा मिनिटं थांबून पुन्हा बघणं बंद झालं होतं, कारण फॉर्मवर टिक झाली की काम संपलं असं मीच सांगितलं होतं.

२६ जानेवारी, सोमवार

सुट्टी असून गेले. जानेवारीच्या रद्द केलेल्या सगळ्या घटना काढल्या. अकरा. नोंदी वाचल्या, नर्सिंगच्या पोरींना फोन केले. घटना अकरा, पेशंट नऊ, कारण तीन एकट्या आनंदीबाईंच्या. नऊही जणांनी गोड हातात घेऊन खाल्लं होतं. हलवा, तिळगूळ, खडीसाखर, एकानं जलेबी. त्यातले आठजण घरी गेलेत. त्यांना काही झालं नाही, हे नशीब. माझं नाही, त्यांचं.

२७ जानेवारी, मंगळवार

सरांना सगळं सांगितलं. त्यांच्या टेबलावर मशीन आणि हलवा ठेवून दाखवलंही. त्यांनी दोन्ही आकडे स्वतः वाचून बघितले. मग म्हणाले, "नवीन सर्क्युलर काढा. आजच." आधी साखर, मग साबणानं हात धुणं, मग पंधरा मिनिटांनी चाचणी, ती चांगली येईपर्यंत इन्सुलिन नाही. सही करायला त्यांना अर्धं मिनिट लागलं.

"आणि आनंदीबाईंच्या तीन घटना?" मी विचारलं. "त्या मोजायला हव्यात, सर."

"नियमात बसतात का?"

"नाही बसत."

"मग नियम आपण बनवलाय का? सिस्टर, क्या है कि डोस डॉक्टरनं सांगितला, रीडिंग नर्सनं घेतली. तुम्ही एकट्या डोक्यावर का घेऊन राहिल्या? पुढचं सुधारलं नी? मागचं उकरून ती बाई जागी होणार आहे का?"

खोलीत येऊन मी स्वतःच बारा नंबरच्या ओळीत 'गंभीर' टाइप केलं. कॉम्प्युटरनं वेळा बघितल्या आणि ओळ पुन्हा हिरवी केली. तीनदा केलं. तीनदा हिरवी.

२९ जानेवारी, गुरुवार

श्रेया तीन दिवस कामावर नव्हती. आज आली, डोळे सुजलेले. मी तिला खोलीत बसवलं, पाणी दिलं, म्हटलं, "चूक तुझी नाही, बेटा."

ती म्हणाली, "दीदी, मी विचारलं होतं नी, आधी काय करू? तुम्ही म्हणाल्या दोन्ही कर. मी दोन्ही केलं."

तक्रार नव्हती तिच्या आवाजात. ती मला खरंच विचारत होती, बरोबर केलं ना म्हणून. माझ्या हजरजबाबीपणाचं मला इतकी वर्षं फार कौतुक होतं.

३१ जानेवारी, शनिवार

तशाच आहेत. मेंदूचे डॉक्टर म्हणाले, वाट बघा. कशाची ते बोलले नाहीत. लक्ष्मीकांत आयसीयूच्या बाहेरच्या बाकावर बसलेला असतो. मला बघून उभा राहतो, नमस्कार करतो. आज मी जिन्यानं गेले, कंबर दुखत असताना, फक्त त्याच्यासमोरून जायला नको म्हणून. लाज वाटते लिहितानाही.

२ फेब्रुवारी, सोमवार

आनंदीबाई गेल्या. सकाळी साडेदहा.

३ फेब्रुवारी, मंगळवार

टीम आली. दोन साहेब, एक बाई. नरेंद्रसरांनी शून्य दाखवलं. ती बाई म्हणाली, "शून्य? हे कसं केलं?"

मी उभी राहिले. सरांनी माझ्याकडे पाहिलं, अडवलं नाही. मी सगळं सांगितलं. चिकट हात, पाच मिनिटं, माझं सर्क्युलर, बारा नंबरचा बेड, काल झालेला मृत्यू. मला वाटलं होतं, आता खोलीत काहीतरी होईल. नोकरी जाईल, चौकशी लागेल, निदान कोणीतरी ओरडेल.

त्यांनी शांतपणे ऐकलं. वेळा पुन्हा तपासल्या. बाई म्हणाली, "व्हेरी सॅड. पण व्याख्येनुसार तुमची मोजणी अचूक आहे. आम्हाला ती बदलता येत नाही." माझं निरीक्षण फार मोलाचं असल्याचंही तिनं सांगितलं. जाताना दिलेल्या कागदावर सूचना क्रमांक चार आहे: 'चाचणीपूर्वी पेशंटचे हात धुण्याची पद्धत कौतुकास्पद, चालू ठेवावी.' शून्य जागच्या जागी आहे. संध्याकाळी सगळ्यांना पेढे वाटले. मी घेतला नाही.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

लक्ष्मीकांत आज कागद न्यायला आला होता. खालच्या रेकॉर्डच्या खिडकीवरच्या माणसानं वर पाठवलं. डोकं भादरलेलं, हातात मृत्यूचा सारांश. दारात उभा राहून म्हणाला, "सिस्टरजी, यात लिहिलंय शुगर लो होऊन मेंदूला इजा. हे कसं होऊ शकतं? माझ्या डोळ्यांसमोर मशीननं एकशे एक्कावन्न दाखवलं. हलवा मी स्वतः दिला होता, लगेच. काही वेगळंच झालं असेल नी? अटॅक वगैरे?"

मला फक्त 'असेल' म्हणायचं होतं. तो त्या एकशे एक्कावन्नला धरून घरी गेला असता आणि आयुष्यभर त्याला वाटलं असतं, मी वेळेवर केलं. आणि माझीही सुटका झाली असती. तोंड उघडेपर्यंत मला माहीत नव्हतं मी काय बोलणार आहे.

मी त्याला खुर्ची दिली आणि सांगितलं. साखर रक्तात पोचायच्या आधी बोटावर होती. मशीननं ती मोजली. घाईनं पुन्हा टोचायचा हुकूम माझा होता. फॉर्म माझा होता. "तुम्ही गोड दिलंत ते बरोबर केलंत," हे मी दोनदा म्हटलं. "हात धुवायला लावणं आमचं काम होतं. चूक माझी आहे." तो ऐकत होता का कोण जाणे.

हातातला कागद दुमडत म्हणाला, "ती सांगत होती. डोस दिल्यावर म्हणाली, लखू, मला बुडाल्यासारखं होऊन राहिलंय, त्या पोरीला बोलव. मी म्हटलं, आई, कशाला परेशान करते त्यांना? आत्ता तर बघून गेली. त्या दिवशी पंचशीलासिस्टर स्वतः येऊन सांगून गेल्या नी तुला, दुसरा आकडा खरा असतो म्हणून." त्यानं कागदाची घडी पुन्हा उघडली. "मग ती काही बोलली नाही. भिंतीकडे तोंड केलं. मी पेपर वाचत बसलो."

मी त्याच्या पायावर डोकं ठेवलं असतं तर बरं झालं असतं. पण मी टेबलाच्या अलीकडे होते आणि तो पलीकडे, आणि मला उठताच आलं नाही. मी माफी मागितली.

उठताना त्यानं विचारलं, "तेव्हा तिची खरी शुगर किती होती, सिस्टरजी? एकशे एक्कावन्न नाही, तर किती?"

"माहीत नाही," मी म्हटलं.

"लिहिलेली नाही?"

"मोजलीच नाही कोणी."